परगावची चूल

तौफिकचं जळगावात गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. सीट कव्हर, रेक्झिन, छताचं अस्तर अशी कामं. एका शाळेने काढून टाकलेली जुनी मिनीबस त्याला मिळाली आणि त्या दिवसापासून त्याने एकच ध्यास घेतला. हिचं चालतं-फिरतं घर करायचं आणि सहलीला जाणाऱ्या कुटुंबांना भाड्याने द्यायचं. दुकान बंद केल्यावर तो रोज त्या गाडीत शिरायचा. मागे झोपायला दोन लांब बाकं केली, खिडक्यांना पडदे लावले, छताला दिवे बसवले आणि मधोमध एक छोटासा ओटा उभा केला.

ओट्याचं सगळं त्याच्या बायकोने, मिसबाहने ठरवलं. मोहल्ल्यात तिच्या हाताला नाव होतं. लग्नाकार्याला, साखरपुड्याला तिच्याकडून बिर्याणी जायची. ती म्हणाली, "लोक गाडी भाड्याने घेतील ते गरम जेवणासाठी. थंड पुड्या खायच्या तर एसटी काय वाईट आहे?" तिने दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, बॅटरीवर चालणारा भाताचा कुकर आणि बाहेर मांडायला कोळशाची लोखंडी सिगडी घेतली. यातलं कशावर काय शिजतं ते पाहायला डिसेंबरात तिघं निघाली. तौफिक, मिसबाह आणि तौफिकची अम्मी जुबेदा. लेकीला नणंदेकडे, सबाकडे ठेवलं. धुळे, सोनगीर, शिरपूर करत सातपुड्याच्या पायथ्याने चोपड्याला यायचं आणि तिथून घरी, असं ठरलं होतं.

पहिल्या जेवणालाच फजिती झाली. सोनगीरच्या किल्ल्याखाली गाडी लावून मिसबाहने बॅटरीचा कुकर सुरू केला. तांदूळ अर्धे शिजले आणि गाडीतले सगळे दिवे मालवले. मग तिने शेगडी पेटवली, तर हायवेवरून ट्रक गेला की उघड्या दारातून वारा यायचा आणि ज्योत आडवी व्हायची. शेवटी भात झाला, पण तोवर दुपार उतरायला लागली होती. डाळ बाकीच होती. तौफिक म्हणाला, गाडी चालू असताना ठेव शेगडीवर. जुबेदा जोरात म्हणाली, "अजिबात नाही. वळणावर उकळती डाळ अंगावर घ्यायची आहे का?" तिने डाळीला एक उकळी येऊ दिली, पातेल्यावर घट्ट झाकण बसवलं, ते पातेलं गोधडीत गुंडाळलं आणि दोन बाकांच्या फटीत रोवून ठेवलं. शिरपूरला पोचेपर्यंत डाळ मऊ झाली होती.

"आमच्या वेळी उर्साला बैलगाडीतून जायचो तेव्हा असंच करायचो," जुबेदा म्हणाली.

मिसबाह हसली, पण मनातून ती खट्टू झाली होती. सकाळपासून तिच्या हातचं असं काही झालंच नव्हतं. संध्याकाळी तरी नीट स्वयंपाक करायचा, सिगडीवर, मोकळ्या जागेत, असं तिने ठरवलं. शिरपूरला कोंबडी घेतली. काळा मसाला तिने घरूनच करून आणला होता.

चोपड्याच्या रस्त्यावरून एक फाटा डोंगराकडे जातो. तौफिकने गाडी तिकडे घातली. दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या. पुढे एक पाडा लागला, पंधरावीस घरांचा, आणि अलीकडे चिंचेखाली सपाट जागा. मागे सातपुडा अगदी जवळ आलेला. मिसबाह म्हणाली, "इथेच."

चिंचेपाशी एक म्हातारा माणूस बसला होता. रस्त्याकडे तोंड करून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. तौफिक खाली उतरला आणि म्हणाला, "आबा, आजची रात्र इथे गाडी लावली तर चालेल का? सकाळी जाऊ आम्ही."

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कोठला शेतस तुम्ही?"

"जळगावचे. तौफिक माझं नाव."

म्हाताऱ्याने एकदा पाड्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "लावा ना भाऊ. जागा मोकळीच शे." आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. त्याचं नाव चैत्राम. ते त्यांना नंतर कळलं.

मिसबाहने सिगडी पेटवली. तौफिकने बॅटरी तपासली आणि नवा स्पीकर वाजतो का ते पाहायला गाणी लावली. निखारे फुलले तसे मिसबाहने त्यांच्यावरच कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या भाजायला टाकल्या. त्या भाजण्याचा वास उठला, तेव्हा कुठे तिला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

जुबेदा पाड्याकडे पाहत होती. "दिवस कलला, पण एकाही घरातून धूर नाही."

"गॅस आला असेल आता घरोघरी," मिसबाह म्हणाली. "अम्मी, जरा ते खोबरं वाटायला घ्या ना."

थोड्या वेळाने चैत्राम चिंचेपासून उठून आला. "भाऊ, गाणं जरा कमी करशात का?" तौफिकने लगेच स्पीकर बंद केला. म्हातारा आणखी काही बोलेल असं वाटलं, पण तो मागे फिरला.

"आधी नाव विचारलं, आता गाणं नको," मिसबाह हळूच म्हणाली.

"नाव मी सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं," तौफिक म्हणाला.

मिसबाहने निखारे सारखे केले. तिच्या मनात वेगळंच काही होतं. त्याच वर्षी तिच्या लेकीने वर्गातल्या मैत्रिणीसाठी डब्यात जास्तीचे कबाब नेले होते आणि दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीने सांगितलं होतं, आई म्हणते तुझ्या डब्यातलं काहीच घ्यायचं नाही, चपातीसुद्धा नाही. लेकीने ते घरी येऊन अगदी सहज सांगितलं. मिसबाहला ते सहज घेता आलं नव्हतं.

कोंबडी रटरटायला लागली तशी पाड्यातली चारपाच मुलं येऊन थोड्या अंतरावर उभी राहिली. सिगडीकडे पाहत, एकमेकांना चिकटून. मिसबाहला बरं वाटलं. तिने एका ताटलीत रस्सा आणि दोन तुकडे वाढले, रोटी ठेवली आणि सगळ्यात लहान मुलीपुढे धरली. "घे बेटा. फुंकून खा."

मुलीने हात पुढे केला, तेवढ्यात घरांकडून एक बाई लगबगीने आली. तिने मुलीचा हात धरून मागे ओढला. "नको ताई. आज नको."

"का?" मिसबाहने विचारलं.

बाई मुलांना हाताने मागे सारत राहिली.

"का नको? आमच्या हातचं चालत नाही का?" मिसबाहचा आवाज चढला. "मघाशी नाव ऐकलं म्हणून? तुम्हाला चालत नसेल तर नका खाऊ. पण ही मुलं आहेत. त्यांना तरी हे शिकवू नका."

बाईने तिच्याकडे पाहिलं. चाळिशीची असेल, डोळे लाल होते. "तसं नही शे, ताई," एवढंच ती म्हणाली आणि मुलांना घेऊन निघून गेली. ती मुलगी चालता चालता मागे वळून ताटलीकडे पाहत होती.

"गप्प बसता आलं नसतं का तुला?" जुबेदा म्हणाली.

"दरवेळी आपणच गप्प बसायचं का?" मिसबाह म्हणाली. तिने ती ताटली स्वतःपुढे ओढली. "बसा जेवायला. गरम आहे तोवर खाऊ."

तिघं सतरंजीवर जेवायला बसली. कोंबडी फार छान झाली होती. तौफिकने तसं सांगितलंही. सूर्य डोंगराआड गेला होता, आणि तिसरा की चौथा घास असेल, फाट्याकडून एक पांढरी गाडी येताना दिसली. रुग्णवाहिका. तिचा भोंगा वाजत नव्हता आणि ती अगदी सावकाश येत होती. चैत्राम चिंचेखालून उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. गाडी त्यांच्या सतरंजीच्या बाजूने पुढे गेली. पुढच्या सीटवर एक तरुण बसला होता, मांडीवर एक मूल, खांद्याला टेकून झोपलेलं दुसरं.

गाडी घरांपाशी थांबली आणि एका अंगणातून बायकांचा आक्रोश उठला. इतका वेळ त्या सगळ्या तिथेच बसलेल्या होत्या, एकाच अंगणात, गप्प. चिंचेखालून ते अंगण सरळ दिसत होतं.

मिसबाहच्या हातात घास होता. तो तोंडात घालता येईना आणि ताटात ठेवताही येईना. तौफिक उठला. त्याने घाईघाईने तांब्यातलं पाणी सिगडीवर ओतलं. निखारे फसफसले आणि राखेचा मोठा ढग उठून घरांच्या दिशेने गेला. "अरे, हळू," जुबेदा म्हणाली, पण त्याला काही सुचत नव्हतं. त्याने कोंबडीचं पातेलं उचललं, मागच्या नाल्यात उपडं केलं आणि ताटंही तिथेच रिकामी केली. मिसबाहने त्याला अडवलं नाही. सगळं लवकरात लवकर दिसेनासं व्हावं, एवढंच तिला वाटत होतं.

जुबेदाने डोक्यावरून ओढणी घेतली, चूळ भरली आणि ती त्या अंगणाकडे चालू लागली. मिसबाह गाडीत शिरली आणि पडदे ओढून मागच्या बाकावर बसली. आपण बोललेला एकेक शब्द तिला पुन्हा ऐकू येत होता. 'मुलांना तरी हे शिकवू नका.' आवाज चढवून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ती बोलली होती. आणि तिथे तर बायका प्रेताची वाट पाहत बसल्या होत्या.

बऱ्याच वेळाने जुबेदा परत आली. तिने सांगितलं, चैत्रामची सून गेली होती. मोनाली. नवरा-बायको सुरतेला बांधकामावर होती. कावीळ झाली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. रोहिदास, तिचा नवरा, तिला घेऊन आला होता. अंधारात नेणार नव्हते. लांबचे नातेवाईक यायचे होते, सकाळी उजाडल्यावर नेणार होते. आणि तोवर पाड्यात एकही चूल पेटणार नव्हती, कोणी काही खाणार नव्हतं. सगळी एकाच भावकीतली घरं.

"त्याने आपल्याला सांगितलं का नाही?" तौफिक म्हणाला. "इथे थांबू नका म्हणाला असता तर..."

"मी विचारलं," जुबेदा म्हणाली. "तो म्हणाला, तुम्ही वाटेचे लोक. तुम्ही का उपाशी राहावं?"

मिसबाह एकदम उठली. "अम्मी, आपल्याकडे तांदूळ आहेत, डाळ आहे. मोठं पातेलं लावते. सगळ्या पाड्याला पुरेल एवढी खिचडी करते. आत्ताच्या आत्ता."

"बस खाली," जुबेदा म्हणाली. "त्यांनी मागितली का खिचडी? आज ते जेवणार नाहीत, हे आत्ताच सांगितलं ना तुला? तुला बरं वाटावं म्हणून त्यांच्या दारात डेग मांडणार का तू?"

मिसबाह बसली. सासूने तिला असं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मग निघू या," तौफिक म्हणाला. "हळूच काढतो गाडी."

तेवढ्यात बाहेरून खोकल्याचा आवाज आला. चैत्राम दाराशी उभा होता. आत पाहायचं टाळून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "अक्का, एक काम व्हतं."

"बोला ना भाऊ," जुबेदा म्हणाली.

"रोहिदासना पोरे सकाळथून उपाशी शेतस. मोठा माणूस राही जास. पोरे कशी राहतीन?" तो थांबला. "आमना बठ्ठा पाडामा आज चूल बंद शे. तुमनी चूल आमनी नही, परगावनी शे. ती पेटी तं चालस. काही गरम करी देशात का?"

"देते," मिसबाह म्हणाली. "आत्ता देते आबा."

ती ओट्यापाशी गेली. शेगडी पेटवायला तिला तीन काड्या लागल्या. चहासाठी आणलेलं दूध होतं, ते तापत ठेवलं. दुसऱ्या बर्नरवर भात टाकला, जास्त पाणी घालून, मऊ व्हावा म्हणून. काळ्या मसाल्याची वाटी तिने कपाटात अगदी मागे लोटली. सगळ्या खिडक्या उघडल्या, पडदे झटकले, भांडी दोनदा धुतली. पण मसाल्याचा वास जाईना. कांदा-खोबऱ्याचा, कोंबडीचा, तो पडद्यांत बसला होता, नव्या रेक्झिनमध्ये बसला होता, तिच्या ओढणीत होता. एरवी असा वास राहिला की तिला अभिमान वाटायचा.

भात होत आला तेव्हा एक बाई दोन्ही मुलांना घेऊन आली. दारातल्या उजेडात तिचा चेहरा दिसला. मघाचीच. बेबाबाई. चैत्रामच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे मोनालीची चुलत सासू. मिसबाह बाजूला सरकली. बेबाबाई आत आली, बाकावर बसली, धाकटीला मांडीवर घेतलं. मोठा पाचेक वर्षांचा होता. तो उभाच राहिला. गाडीभर पाहिलं, दिवे पाहिले आणि मग नाक वर करून त्याने विचारलं, "कोंबडी शे?"

मिसबाहने बेबाबाईकडे पाहिलं.

"त्याले काय समजस," बेबाबाई म्हणाली. "असीन तं दे ना ताई. पोरगं शे."

"नाही," मिसबाह म्हणाली. "ती आम्ही... गाडी आली तेव्हा टाकून दिली."

"फेकी दिनी?"

"हो."

"बठ्ठी?"

"हो. नाल्यात."

बेबाबाई तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, शिजलेलं अन्न कोणी नाल्यात का टाकेल. मिसबाहला वाटलं, आपण मघाशी जे बोललो ते कमी लाजेचं होतं. पातेलं उपडं करताना तिला आणि तौफिकला वाटलं होतं की आपण या लोकांच्या दुःखाचा मान राखतो आहोत. मान कसला. स्वतःच्या डोळ्यांसमोरून ते नाहीसं करायचं होतं फक्त. आणि एक भुकेलं पोरगं त्याच कोंबडीचा वास घेत तिच्यापुढे उभं होतं.

तिने भात ताटलीत काढला, त्यावर दूध आणि थोडी साखर घातली, फुंकून निववला आणि मुलापुढे धरला. त्याने एक घास खाल्ला आणि मग न बोलता भराभर खात गेला. धाकटीला बेबाबाईने बोटांनी भरवलं. मध्येच ती झोपली, पुन्हा जागी झाली, पुन्हा खाल्लं. अंगणातून रडण्याचा आवाज येत होता. मुलगा त्या आवाजाकडे वळून पाहायचा आणि पुन्हा ताटलीकडे.

"ताई," मिसबाह शेवटी म्हणाली. "मघाशी मी तुम्हाला बोलले. मला माहीत नव्हतं. पण मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

बेबाबाईने मुलीचं तोंड पदराने पुसलं. "तुमले तसं कोणी करेल शे का आधी?"

"हो."

"आमले बी करतस," बेबाबाई म्हणाली. "शिरपूरले जाऊत तं पेल्यामा पाणी देतस नही, वरथून ओततस."

बेबाबाई मुलीला खांद्यावर घेऊन उठली, मोठ्याचा हात धरला. दारात थांबून ती म्हणाली, "पण पोरेसना समोर बोलनात तुम्ही. ती धाकली पोर माले विचारी राहिनी, आपन काय करं म्हणीसन."

तिने मिसबाहच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती पायरी सांभाळत उतरली आणि अंधारात निघून गेली.

सकाळी उजाडताच मोनालीला नेलं. तौफिक पुरुषांबरोबर गेला आणि लाकडं वाहायला त्याने हात लावला. मिसबाह आणि जुबेदा बायकांच्या मागे बसून राहिल्या. दिवालीबाई, मोनालीची सासू, मधूनमधून एकाच सुरात काही म्हणत होती, त्यांच्या घरच्या पावरी भाषेत. मिसबाहला शब्द कळत नव्हते. शेजारच्या बाईने सांगितलं, ती म्हणतेय की मी तिला जाऊ नको म्हणाले होते.

माणसं अंघोळी करून परतली तोवर पलीकडच्या गावाहून सोयरे आले. टोपल्यांत भाकरी होत्या, मोठ्या पातेल्यात पिठलं. अंगणात पंगत बसली. मिसबाह उठून गाडीकडे निघाली, तर जुबेदाने तिचा हात धरून बसवलं. चैत्राम ओळीतून फिरत होता, सगळ्यांना वाढलं का ते पाहत. त्याने तौफिकला विचारलं, झोप झाली का, थंडी फार होती रात्री. ज्याच्या घरातून आत्ता सून गेली होती तो माणूस हे विचारत होता, आणि तौफिकने मान खाली घालून हो म्हटलं.

मिसबाहसमोर पत्रावळ आली. ती पिठल्याकडे पाहत बसली. वाढायला बेबाबाई होती. तिने एक भाकरी ठेवली, पुढे गेली, मागे वळून पाहिलं, भाकरी तशीच होती.

"खा," ती म्हणाली. "वाट लांब शे."

मिसबाहने खाल्लं. प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवला, पण पानावर काही ठेवलं नाही.

निघताना तिला वाटत होतं की कोणीतरी काही बोलेल. बरं किंवा वाईट. कोणीच बोललं नाही. त्यांना वेळ नव्हता. दिवालीबाईच्या डोक्याला कोणी तेल चोळत होतं, रोहिदास भिंतीला टेकून बसला होता, बेबाबाई टोपल्या मोजून सोयऱ्यांना परत देत होती. ती ताटलीची मुलगी दुसऱ्या मुलांबरोबर दगड मांडत होती. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. आपण काल काय बोललो ते इथे कोणी धरून बसलेलं नाही, हे मिसबाहला दिसत होतं. त्याने तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते आता फक्त तिच्यापाशी होतं.

चोपड्यापर्यंत तौफिकने गाडी सावकाश चालवली. मध्येच म्हणाला, "पडदे बदलावे लागतील." ती म्हणाली, "हो." चोपड्याला स्टँडजवळ जुबेदाला चहाची तल्लफ आली. तौफिक सवयीने म्हणाला, "मिसबाह, टाक ना दोन मिनिटांत. शेगडी आहेच."

"आत्ता नको," मिसबाह म्हणाली. "टपरीवरचा घेऊ."

ती स्वतः खाली उतरली आणि तीन चहा सांगून टपरीच्या बाकावर बसली. जुबेदा येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिने सुनेच्या ओढणीवर चिकटलेली राख बोटांनी झटकली. चहा येईपर्यंत दोघी रस्त्यावरून जाणारे केळीचे ट्रक पाहत राहिल्या.